थरांतून आरपार

किमान दोन थर हवेत, आणि ते धरून ठेवणारे टाके सगळ्या थरांतून आरपार गेलेले हवेत. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अथेन्स गावी दर दोन वर्षांनी 'क्विल्ट नॅशनल' नावाचं, म्हणजे तिकडच्या गोधड्यांचं, प्रदर्शन भरतं. तिथे काम पाठवायचं तर गाभ्याची अट ही. शिवण हाताची असो वा मशीनची, कापड नवं असो वा जुनेर, विषय युद्धाचा असो वा परसातल्या भाजीचा, त्याला कुणाची आडकाठी नाही. काम मात्र स्वतःच्या डोक्यातून आलेलं हवं, तयार नमुन्यावरून उतरवलेलं नको. ही अट मला फार मोलाची वाटते. वरवर डकवलेलं कापड इथे चालत नाही. सुई तळापर्यंत जाऊन वर आली पाहिजे, आणि हे एखाद्या कोपऱ्यात उरकून भागत नाही, सबंध कापडभर व्हायला हवं.

प्रदर्शन जिथे भरतं ती इमारत मुळात गाईंचा गोठा. शेजारच्या टेकडीवर १८७४ साली एक भलंमोठं मनोरुग्णालय उघडलं होतं. त्याच्या दुधाच्या गरजेसाठी १९१४ मध्ये हा गोठा बांधला. गाईंची निगा, धारा काढणं ही कामं रुग्ण करायचे. कामात मन गुंतणं हा उपचाराचाच भाग मानला जाई. पुढे गाई गेल्या, गोठा रिकामा पडला आणि १९७०च्या दशकात तो पाडायचं ठरलं. गावातल्या हॅरिएट आणि ओरा अँडरसन या दांपत्याने माणसं गोळा करून तो वाचवला. त्याच सुमाराला या भागात काही बायका अशा क्विल्ट करत होत्या की ज्यांना कुठेच जागा नव्हती. क्विल्टच्या जत्रांमध्ये म्हणत, हा आपल्या पारंपरिक नमुन्यांतला प्रकार नाही. चित्रांच्या गॅलरीत म्हणत, हे तर अंथरूण-पांघरूण. नॅन्सी क्रो, फ्रँस्वाज बार्न्स, व्हर्जिनिया रँडल्स आणि हॅरिएट अँडरसन यांनी मिळून १९७९ मध्ये या गोठ्यातच पहिलं क्विल्ट नॅशनल भरवलं. आज जगभरातून तिथे कामं येतात आणि निवड व्हावी म्हणून मोठमोठे कलाकार वाट पाहतात.

आम्ही कोलंबसला राहतो. तिथून अथेन्स पंचाहत्तर मैलांवर, रूट ३३ धरून आग्नेयेला. लँकेस्टर मागे पडलं की मक्याची सपाट शेतं संपतात आणि झाडीच्या टेकड्या लागतात. उन्हाळ्यात माझ्या सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. त्या मंगळवेढ्याच्या. घरच्यांसाठी, जावांसाठी, लेकी-सुनांच्या बाळंतपणासाठी त्यांनी जन्मभर गोधड्या शिवल्या. गोधड्यांसारख्याच पण भिंतीवर लावायच्या कामांचं प्रदर्शन आहे, येता का, असं विचारलं तर त्यांनी पहिला प्रश्न केला, "विकायला असतात का गं?" असतात, बहुतेक असतात, असं सांगितल्यावर त्या लगेच तयार झाल्या.

आत गेल्यावर आधी डोळ्यांना उजेडाची सवय करून घ्यावी लागते. कापडाला प्रखर प्रकाश सोसत नाही. रंग उडतो, धागा जीर्ण होतो. म्हणून कापडाच्या दालनांत साधारण पन्नास लक्सच्या आसपासच उजेड ठेवायचा, असा संग्रहालयांचा रिवाज आहे. क्विल्टच्या पाठीमागे वरच्या कडेला नेफा शिवलेला असतो, त्यातून पट्टी सारून ती भिंतीपासून जराशी सुटी टांगतात. काच नाही, चौकट नाही. दार उघडून कुणी आत आलं की हलकी कामं किंचित हलतात. चित्र असं हलत नाही. भिंतीवर टांगली तरी ही वस्तू मुळात कापड आहे, हे त्या हलण्यातून लगेच कळतं.

ज्या कामापाशी माझा पाय अडकला ते उभं, माणसाहून उंच आणि काळं होतं. जवळ गेले तेव्हा कळलं की काळा एक नव्हे: निळसर काळा, तपकिरी काळा, विटून राखाडीकडे गेलेला काळा. करणाऱ्या बाईने कापडाचे कितीतरी थर एकावर एक ठेवून त्यांवर मशीनने आडव्या रेघा मारल्या होत्या, इतक्या जवळजवळ की दोन रेघांमध्ये करंगळीचं टोकही मावू नये. त्यानंतर दोन रेघांमधलं वरचं कापड टोकदार कात्रीने कापून काढलं होतं. कुठे एकच थर, कुठे दोन, आणि मधल्या भागात पार खालपर्यंत. तळाला शेंदरी कापड. लांबून पाहताना काळ्यात एक बारीक तांबूस भेग दिसत होती. वीतभर अंतरावरून पाहताना ती भेग म्हणजे कापडांच्या कापलेल्या कडा होत्या, त्यांचे सुटे धागे वर आले होते आणि आत शेंदरी रंग धुमसत होता.

पाटीवर जमिनीखालच्या आगीचा उल्लेख होता. अथेन्सच्या आसपासचा हा सगळा प्रदेश कोळशाचा. उत्तरेला न्यू स्ट्रेट्सव्हिल नावाचं गाव आहे. तिथे १८८४ मध्ये खाणकामगारांचा संप चालू असताना काहींनी जळत्या कोळशाच्या गाड्या खाणीत ढकलल्या. ती आग जमिनीखाली पसरत गेली आणि आजही पुरती विझलेली नाही. हे काम त्याच आगीबद्दल आहे असं पाटीवर लिहिलेलं नव्हतं. पण या भागात बसून जमिनीखालच्या आगीवर कुणी काही करतं, तेव्हा ती आठवल्याशिवाय राहत नाही. आणि एक गोष्ट मला तिथेच पटली: हे चित्रात रंगवता आलं असतं, पण असं नाही. रंगवलेली भेग वरून आणलेली असते. ही आधीपासून खाली होती, बाईने वरचं काढून ती उघडी केली. शिवून झाल्यावर कात्री लावायची म्हणजे चुकीला क्षमा नाही. कात्री एक थर जास्त खोल गेली तर महिन्यांचं काम वाया.

सासूबाई त्या कामासमोर उभ्या राहिल्याच नाहीत. त्या कडेला गेल्या आणि भिंतीला डोकं टेकेल इतक्या वाकून कापडाच्या अंगाने तिरकं पाहू लागल्या. पुढच्या कामालाही तसंच, त्याच्या पुढच्यालाही. थोड्या वेळाने मीही तसं पाहून बघितलं. समोरून रंग दिसतात, आकार दिसतात. बाजूने टाका दिसतो. टाक्याने कापड कुठे खाली ओढलंय, दोन टाक्यांमध्ये ते किती फुगलंय, कुठे हात सैल पडलाय, कुठे दोरा बदलून पुन्हा सुरुवात केलीय. "इथं ती उठली असणार," एका कामापाशी त्या म्हणाल्या. "उठली आणि दुसऱ्या दिवशी बसली. टाका बघ, लांब झालाय." ते काम म्हणजे निवृत्त झालेल्या एका चित्रकाराने हाताने शिवलेलं बरंच मोठं निसर्गदृश्य होतं. त्यात पाण्याच्या आडव्या टाक्यांमध्ये खरोखरच एका जागी लय बदलली होती. मी ते दोनदा पाहून पुढे गेले होते आणि माझ्या नजरेला ते लागलं नव्हतं.

मग त्यांना मागची बाजू बघायची होती. भारतात आपण काही विकत घेताना कापड उलटं करून पाहतोच, पण इथे हात लावायची बंदी. मी जरा बिचकत तिथल्या स्वयंसेविकेला विचारलं. तिने पांढरे सुती हातमोजे चढवले आणि काळ्या कामाचा खालचा कोपरा अलगद वर करून दाखवला. अमेरिकेतल्या मोठ्या क्विल्ट मेळाव्यांत हे असे हातमोजेवाले स्वयंसेवक ठेवायची पद्धतच आहे. लोकांना मागची बाजू बघायची असते हे त्यांना ठाऊक आहे. मागे राखाडी रंगाचं सलग कापड होतं. त्यावर ना काळं, ना शेंदरी. नुसत्या आडव्या रेघा, एकीखाली एक, वरपासून खालपर्यंत. पुढच्या बाजूला जे घडलं होतं त्याचा मागे मागमूस नव्हता. आणि खालच्या कोपऱ्यात हाताने शिवलेला एक चौकोनी कापडी तुकडा, त्यावर न पुसणाऱ्या शाईने लिहिलेलं: नाव, गाव, साल, कामाचं शीर्षक.

"काय लिहिलंय?" आईंनी विचारलं. (आम्ही सगळ्याच सुना त्यांना आई म्हणतो.) मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आपण नाही बाई कधी नाव घातलं."

त्यांची गोधडी मी पहिल्यांदा होताना पाहिली ती लग्नानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत. अंगणात सतरंजी टाकायची, त्यावर खालचं लुगडं ताणून पसरायचं, चारी कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, वीट, जे जड असेल ते ठेवायचं. आत धोतरं, विरलेल्या चादरी, मुलांचे जुने सदरे, धुऊन धुऊन मऊ झालेलं काहीही. ते हाताने सारखं करत जायचं, कारण आत एखादी चुणी राहिली आणि वरून सुई फिरली की ती कायमची. झोपणाऱ्याच्या पाठीला ती सलत राहते. वरती त्यातल्या त्यात धडकं लुगडं, काठ बाहेरच्या बाजूला येतील असं. मग धावदोरा. कडेपासून सुरुवात करून चारी बाजूंनी फिरत फिरत आत यायचं, चौकोनात चौकोन, आणि शेवट मधोमध. बाहेरून आत आलं की कापड पळत नाही. मधले शेवटचे टाके घालण्याआधी आई भाकरीचा लहानसा तुकडा आत सारतात. गोधडीला उपाशी ठेवू नये, असं त्यांच्या आईने त्यांना सांगितलं होतं. आपल्याकडच्या आणि खाली कर्नाटकातल्याही काही समाजांत ही रीत आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कवंद, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात त्याही अशाच कडेने आत येतात, आणि कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या रंगीत चिंध्यांची फुलं बसवल्याशिवाय कवंद पुरी झाली असं मानत नाहीत. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेले लोक; त्यांतल्या पुष्कळांचे पूर्वज पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेले होते आणि तिथून ते घाटावरच्या रानात निसटले.

आपल्या मनात गोधडी म्हणजे गरिबी, नाहीतर वैराग्य. गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत, चिंधेबुवा म्हणत. अंगावर चिंध्यांची वस्त्रं ही त्यांची ओळख होती. या दोन्हीमध्ये कुठेही असं म्हणायला वाव नाही की, ही गोधडी अमुक बाईने केली आणि तिने हा हिरवा तुकडा पिवळ्याशेजारी विचार करून लावला. विचार तर प्रत्येक वेळी केलेला असतो. मी स्वतः पाहिलंय, आई एक तुकडा जमिनीवर ठेवून लांब जाऊन बघतात, परत येऊन तो फिरवतात.

अमेरिकेतही वेगळं नव्हतं. हॅरिएट पॉवर्स ही जॉर्जिया राज्यातली कृष्णवर्णीय बाई, १८३७ मध्ये गुलामगिरीत जन्मलेली. तिने बायबलमधल्या प्रसंगांची एक क्विल्ट शिवली: आदाम-हव्वा, काइन आणि हाबेल, शेवटचं भोजन, सगळी माणसं आणि प्राणी कापडातून कापून लावलेले. १८८६ साली ती एका कापूस-जत्रेत मांडली होती. तेही अथेन्सच, पण जॉर्जियातलं. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकला-शिक्षिकेने ती पाहिली आणि विकत मागितली. हॅरिएट तेव्हा नाही म्हणाली. काही वर्षांनी दिवस वाईट आले तेव्हा ती स्वतः क्विल्ट घेऊन आली, दहा डॉलर मागितले आणि पाच घेऊन गेली. जाताना प्रत्येक चौकोनात काय आहे ते तिने सांगितलं आणि जेनी स्मिथने ते लिहून ठेवलं. त्यानंतर ती आपली क्विल्ट बघायला पुन्हा पुन्हा स्मिथबाईकडे येत असे. ती क्विल्ट आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, आणि पॉवर्सची दुसरी एक क्विल्ट बॉस्टनच्या संग्रहालयात. त्या लिहून ठेवलेल्या कागदामुळे आपल्याला तिचं नाव माहीत आहे, चौकोनांमागची गोष्ट माहीत आहे. त्याच काळातल्या बहुतेक क्विल्टखाली 'करणारी अज्ञात' एवढंच असतं.

१९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या जुन्या क्विल्ट पांढऱ्या भिंतींवर चित्रांसारख्या टांगल्या. त्या प्रदर्शनाने क्विल्टकडे पाहायची दृष्टीच बदलली, हे खरं आहे आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण त्या निवडल्या गेल्या त्या आधुनिक अमूर्त चित्रांसारख्या दिसतात म्हणून. कुणी केल्या हे बहुतेकींबाबत पुढे आलं नाही. दोनच वर्षांनी पॅट्रिशिया मैनार्डी या कलाकार-लेखिकेने याच मुद्द्यावर बोट ठेवलं: या बायकांना आपण काय करतोय ते नीट कळत होतं, पुष्कळ जणींनी कामावर सही आणि तारीखही शिवली होती. अमूर्त चित्रकारांच्या कितीतरी आधी त्यांनी हे केलं, तर मग त्यांना चित्रकारांच्या मापाने का मोजायचं? मी या बाजूची आहे. क्विल्ट पलंगावरून भिंतीवर गेली याचं कौतुक खूप होतं. माझ्या दृष्टीने त्याहून मोठी घटना म्हणजे तिच्याखाली नावाची पाटी लागली.

अलाबामातल्या जीज बेंडच्या बायकांचं उदाहरण घ्या. अलाबामा नदीच्या वळणात अडकलेली ही वस्ती. बहुतेक सगळे पूर्वी इथल्याच मळ्यावर गुलाम असलेल्यांचे वंशज. मतदानाचा हक्क मागायला लोक नदीपलीकडच्या तालुक्याच्या गावी जाऊ लागले, तेव्हा १९६२ मध्ये त्यांची नदी ओलांडायची बोटच बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडलं. मिसूरी पेटवे या बाईने १९४२ मध्ये नवरा वारल्यावर त्याच्या शेतात घालायच्या कपड्यांची क्विल्ट केली: विटलेल्या निळ्या विजारी, सदऱ्यांच्या शेपट्या, खिसा उसवला होता तिथली न विटलेली गडद जागा. त्याची आठवण राहावी आणि ती पांघरून त्याच्या मायेत झोपता यावं म्हणून, असं तिच्या मुलीने पुढे सांगितलं. या क्विल्ट २००२ मध्ये ह्यूस्टनला आणि मग त्याच व्हिटनीमध्ये लागल्या, आणि या वेळी प्रत्येकीखाली नाव होतं. १९७१ ते २००२ एवढा वेळ त्या एका पाटीला लागला.

अथेन्सच्या त्या गोठ्यात मी पाट्या मुद्दाम वाचत गेले. काही कामं मला अजिबात आवडली नाहीत. छायाचित्र कापडावर छापून घ्यायचं आणि वरून टाके फिरवायचे, हा प्रकार बराच दिसला. त्यातले बहुतेक टाके तिथे नसते तरी काही बिघडलं नसतं. टाका काही बोलत नसेल तर कागदच बरा. पण अशा कामांखालीही नाव आहे, साल आहे, साहित्य काय वापरलं ते लिहिलेलं आहे, म्हणून मला त्या माणसाशी मनात का होईना भांडता येतं. अनाम वस्तूशी भांडता येत नाही. तिचं फक्त कौतुक करायचं असतं, आणि त्या कौतुकाने तिच्या कर्तीला काही मिळत नाही.

कधी कधी नाव मागच्या कोपऱ्यातून पुढे येतं आणि सबंध क्विल्ट नावांचीच होते. एड्सने गेलेल्यांच्या स्मरणाची क्विल्ट तशी. क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याला ती कल्पना सॅन फ्रान्सिस्कोत सुचली: १९८५ च्या एका मेणबत्ती मोर्चात लोकांनी गेलेल्यांची नावं लिहिलेले फलक एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर लावले, आणि ती भिंत त्याला क्विल्टसारखी दिसली. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, माणसाच्या थडग्याएवढा. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या विस्तीर्ण मैदानावर ती पहिल्यांदा अंथरली तेव्हा १,९२० तुकडे होते. आज सुमारे पन्नास हजार आहेत आणि वजन चोपन्न टन. ज्यांच्या घरच्यांनी मृत्यूचं कारण लपवलं, त्यांची नावं मित्रांनी शिवली. हे भिंतीवरही नाही आणि पलंगावरही नाही. जमिनीवर अंथरलेलं, लोक कडेकडेने चालत वाचतात.

तिथे गोठ्यातल्या क्विल्ट बघताना आईंना मात्र एका व्यावहारिक गोष्टीची काळजी लागली होती. "एवढी मोठी ही, घडी कशी घालतात?" घडी घालत नाहीत. घडीच्या रेषेवर धागा तुटतो, रंग फिका पडतो. म्हणून आम्लविरहित कागद गुंडाळलेल्या नळीवर ती गुंडाळतात आणि तशीच पाठवतात. फेथ रिंगगोल्ड या अमेरिकी चित्रकर्तीने चित्रातून कापडाकडे येण्यामागे हे एक मोठं कारण होतं. १९७२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात तिने तिबेटी थांका, म्हणजे कापडावरची धार्मिक चित्रं, पाहिले, कापडी किनारीत बसवलेले, गुंडाळून कुठेही नेता येणारे. जड चौकटीची चित्रं जिन्यावरून उतरवायला दर वेळी माणसं कोण बोलावणार? तिची आई, विली पोझी, कपड्यांची डिझायनर होती. मायलेकींनी मिळून १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या माणसांच्या चेहऱ्यांची पहिली क्विल्ट केली. पुढे रिंगगोल्डने क्विल्टच्या किनारीवर गोष्टी लिहिल्या आणि २०२४ मध्ये वारली तेव्हा ती देशातल्या मोठ्या कलाकारांत गणली जात होती. हे सगळं मी आईंना सांगितलं तेव्हा त्यांना त्यातलं मायलेकींनी मिळून शिवलेलं सगळ्यांत पटलं. "दोघींचे टाके वेगळे दिसत असतील," त्या म्हणाल्या.

कापायच्या बाबतीत आमचं जमलं नाही. चांगलं कोरं कापड विकत आणायचं, त्याचे तुकडे करायचे आणि पुन्हा जोडायचे, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. गोधडीत कापड आधी माणसाच्या अंगावरून जातं, दंड घालून पुन्हा नेसलं जातं, आणि अगदी शेवटी गोधडीत येतं. त्याचा मऊपणा विकत मिळत नाही. अमेरिकेतही क्विल्ट गरिबीत चिंध्या जोडून जन्मली अशी कथा फार लाडकी आहे. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकात गिरण्यांचं छापील सुती कापड स्वस्त झालं तेव्हा ती फोफावली, आणि पुष्कळशा क्विल्ट नव्या कापडाच्याच होत्या. त्या गिरण्यांना कापूस पुरवत होते दक्षिणेतले गुलाम. म्हणजे हॅरिएट पॉवर्सच्या लोकांनी वेचलेला कापूस गिरणीत जाऊन रंगीत कापड होऊन दुकानातून परत आला. हे डोक्यात ठेवून पाहिलं की कुठल्याच क्विल्टमधला कापडाचा तुकडा निव्वळ रंगाचा चौकोन राहत नाही.

शेवटच्या भिंतीवर एक पांढरी होती. पाच फूट बाय पाच फूट, एकच सलग कापड, एकही तुकडा जोडलेला नाही, रंग नाही. सगळं हाताच्या धावदोऱ्याने केलेलं, पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याने. वरच्या भागात ओळी दाट आणि खाली येता येता त्या विरळ झालेल्या, त्यामुळे वर कापड घट्ट बसलेलं आणि खाली ते श्वास घेतल्यासारखं फुगलेलं. एवढंच. आई तिच्यापाशी खूप वेळ होत्या. समोरून, बाजूने, परत समोरून. मी किंमतींची यादी आणली. ६,५०० डॉलर.

मला वाटलं, ऐकून त्या दचकतील. त्यांनी वीत लावल्यासारखा हात हवेत धरला आणि मनात हिशोब सुरू केला. आडव्या साडेसहा विती, उभ्या साडेसहा. बेचाळीस-पंचेचाळीस वितींचे चौकोन. वरच्या दाट भागातल्या एका चौकोनाला अडीच-तीन दिवस, खालच्याला एखादा. सरासरी दोन धरू. म्हणजे जवळजवळ तीन महिने, रोज आठ तास, मान वर न करता. "इथं मजुरी काय मिळते?" त्यांनी विचारलं. ओहायोत तेव्हा किमान वेतन तासाला दहा डॉलरच्या थोडं वर होतं. आठ तासांचे ऐंशीहून अधिक. त्यांनी ६,५०० ला नव्वदने भागलं, दिवसाचे बहात्तर आले. त्यात कापड, दोरा, आतला कापूस आणि पाठवायचा खर्च. शिवाय विक्रीतला काही हिस्सा बहुधा प्रदर्शनाकडे जातो.

"हिला हॉटेलात भांडी घासून जास्त मिळाले असते," आई म्हणाल्या. गाडीत बसल्यावरही त्यांचं तेच चालू होतं. मी माझ्या काळ्या क्विल्टची बाजू मांडत होते: ती कल्पना मोठी, ते धाडस मोठं. त्यांचं म्हणणं, कल्पना असेल, पण मशीनवर महिनाभरात झाली आणि किंमत हिच्या दुप्पट. यादीत ती खरोखरच दुप्पट होती. मी म्हटलं, किंमत वेळेची नसते, कामाची असते. "मग आपल्या गल्लीत सुई-दोरा घेऊन येतात त्या बायकांना आपण गोधडीमागं पैसे देतो ते कशाचे देतो?" त्यांनी विचारलं. नेल्सनव्हिल येईपर्यंत आम्ही मंगळवेढ्यातल्या त्या मजुरीचा हिशोब मांडत बसलो: किती थर, किती दिवस, जेवण धरून की सोडून. जो आकडा आला तो त्यांनी दोनदा तपासला, आणि मग फोन काढून धाकट्या जाऊबाईंना लावला, या वर्षी गोधडीचा दर काय ठरवायचा ते बोलायला.